झिलई गेलेली फरशी

"अंदाज नको. नाव सांगा," डॉ. मंजुळा रांगणेकर फोनवर म्हणाल्या. "कुठलं अ‍ॅसिड होतं, एवढंच."

शनिवार, दुपारचे अडीच. साल १९८४. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका नावाच्या पाट्यांच्या कारखान्यात सब-इन्स्पेक्टर जयवंत तांडेल रिसीव्हर कानाला लावून उभा होता. सकाळी दहाला संडास धुताना सफाई कामगार शेवंतीच्या हातापायांवर अ‍ॅसिड सांडलं होतं. एकपर्यंत तिने काम केलं. मग किंचाळत कोसळली.

"कातडी जवळजवळ धड आहे, पण वेदना हाडापर्यंत पोचलीय. आता हृदयाचे ठोके चुकतायत. एक इंजेक्शन मनात आहे, पण ती हृदयाच्या गोळ्या घेते. अंदाज चुकला तर मीच तिला मारीन."

"वेळ किती आहे?"

"तास असेल. नसेलही."

जयवंत मालकाकडे वळला. चंद्रप्रकाश सावंत घामाने भिजले होते.

"हायड्रोक्लोरिकच साहेब. पितळ साफ करायला लागतं. दुसरं अ‍ॅसिड इथे नाहीच. उरलेलं दर शनिवारी संडासाला देतो. सगळेच गाळेवाले देतात."

"देतं कोण?"

"मी," सुपरवायझर रामनाथ शांतपणे म्हणाला. त्याने काचेची तपकिरी बाटली पुढे ठेवली. "हीच ती."

पोलिसात येण्याआधी जयवंतने पार्ल्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं होतं. पाट्यांना चांदीचा मुलामा द्यायचं सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण फळीवर होतं. बाटलीतल्या अ‍ॅसिडात त्याने त्याचे चार थेंब सोडले. दह्यासारखा पांढरा साका खाली बसला.

"झाली ना खात्री?" रामनाथने विचारलं.

"या बाटलीत हायड्रोक्लोरिक आहे, एवढीच झाली. वाजले किती?"

सावंतांनी मनगटाकडे नुसती नजर टाकली. "पावणेतीन." रामनाथने घड्याळ उजेडात तिरपं धरलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मान हलवली.

शेवंतीची बहीण जानकी पॅकिंगला होती. ती दाराशी उभी होती.

"सांडलं तेव्हा तू होतीस?"

"होतंय ना. माका वाटला, पाणीच सांडला. ती पण हसली."

"बाटलीतून ओतत होती?"

"बाटली खंय? पांढरो प्लास्टिकचो कॅन होतो."

कॅन कुणालाच माहीत नव्हता. जयवंत संडासात गेला. भिंतीला आणि खाली पांढऱ्या चकचकीत फरश्या. शेवंती उभी होती तिथल्या चार फरश्यांचं तेज गेलेलं. त्याने नख फिरवलं. खरखरीत लागलं. वर्षानुवर्षं दर शनिवारी अ‍ॅसिड पडूनही बाकीच्या फरश्या आरशासारख्या होत्या.

परत येताना त्याला पितळी पाट्यांच्या रांगेत दुधी काचेची एक पाटी दिसली.

"ही कुठे करता?"

"बाहेरून येते. रामनाथ करून आणतो," सावंत म्हणाले.

जयवंतने फोन फिरवला. "डॉक्टर, हायड्रोफ्लोरिक. खात्रीने सांगतो."

"कॅल्शियम सुरू करते. पण गोळ्यांमुळे जपून द्यावं लागेल. अ‍ॅसिडची ताकद कळली तर डोस ठरवता येईल. कॅन शोधा."

त्याने रिसीव्हर तसाच टेबलावर ठेवला.

"रामनाथ, किती टक्के?"

"मला काय विचारता?"

"फरशीची झिलई म्हणजे काचच. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन, यांची अ‍ॅसिडं काचेला हात लावत नाहीत. त्याच कुळातल्या फ्लोरीनचं अ‍ॅसिड काच खातं, म्हणून ते प्लास्टिकमध्ये ठेवतात. काच दुधी करायला तेच वापरतात. तू पाट्या बाहेरून आणत नाहीस. इथेच करतोस, मालकाला चोरून, आणि बाहेरच्या कामाचे पैसे खिशात घालतोस. घड्याळ दाखव."

रामनाथने हात मागे घेतला. सावंतांनी तो धरून पुढे ओढला. घड्याळाची काच धुरकटून पांढरी पडली होती. काटे दिसत नव्हते.

"अ‍ॅसिडच्या वाफेने," जयवंत म्हणाला. "किती टक्के?"

"चाळीस. कॅन गच्चीवर, टाकीमागे."

जयवंतने रिसीव्हरमध्ये आकडा सांगितला. पलीकडे धावपळ ऐकू आली.

"नोकरी गेली असती," रामनाथ पुटपुटला. "आणि पुस्तकात तर हे या चार अ‍ॅसिडांत सगळ्यात दुबळं लिहिलंय. वाटलं, फार तर फोड येतील."

"मूलद्रव्यांच्या तक्त्यात या कुळात खाली जाशील तसं अ‍ॅसिड जोरकस होतं, हे खरं. फ्लोरीन सगळ्यात वर. ते हायड्रोजनला घट्ट धरून बसतं, म्हणून दुबळं. पण सुटं होत नाही म्हणूनच ते कातडी न जाळता आत मुरतं आणि रक्तातलं कॅल्शियम खाऊन टाकतं. हृदय चालतं त्याच कॅल्शियमवर. तू खोटं बोलत होतास, तेव्हा तिचं हृदय बंद पडत होतं."

सव्वातीनला रिसीव्हरमधून डॉक्टरांचा आवाज आला.

"ठोके पुन्हा नीट पडतायत. बहुतेक जगेल. उजव्या हाताची दोन बोटं मात्र जातील."

जयवंतने ते जानकीला सांगितलं. ती रडली नाही. रामनाथसमोर जाऊन उभी राहिली.

"सकाळी तिनं तुमका विचारल्यान होता. ह्यो कॅन घेव काय म्हणून. मी ऐकलंय."

रामनाथने खाली पाहिलं. "कुठला कॅन ते मी मान वर करून पाहिलंही नाही. घे म्हणालो."

जयवंतने जबाबाचा कागद ओढला आणि ते वाक्य सगळ्यात आधी लिहून घेतलं.