उमेदवाराचं मत

या, असं जवळ सरकून बसा. देवाचं नाव घेऊन झालंय. आता त्यानंच जुळवलेल्या दोन जिवांची गोष्ट ऐका. गोड आहे, पण नुसती गुळचट न्हाय… जिद्दीची आहे.

आजऱ्याजवळच्या एका गावात अनुजा चौथीच्या वर्गाला शिकवायची. गडहिंग्लजहून रोज एसटीनं यायची. एके दिवशी ग्रामपंचायतीचा धडा निघाला आणि तिनं विचारलं, "सरपंच कसा निवडतात?"

अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "देवळात बसून ठरवत्यात."

पोरांचं चुकलं नव्हतं. त्या गावात सरपंच कायम बिनविरोध. चार जाणती माणसं देवळात बसायची, नाव काढायची, गुलाल उडायचा. अनुजानं पुस्तक मिटलं. "मग आपण वर्गाचा सरपंच निवडू. मत टाकून."

मतपेटी मागायला ती पंचायतीत गेली. बाहेर श्रावणातली सर, आत छपराला गळती. एक तरुण स्टुलावर चढून कौल सरकवत होता.

"पावणं, ग्रामसेवक कुठं भेटतील?"

"ती बादली द्या आधी. मग भेटतील."

तिनं बादली दिली. त्यानं ती धारेखाली ठेवली, हात पुसले आणि खुर्चीवर जाऊन बसला. "बोला. मी सम्मेद चौगुले, ग्रामसेवक."

"हे आधी सांगायचं न्हाय व्हय?"

"सांगितलं असतं तर बादली कुणी दिली असती?"

तिनं हसू ओठांतच दाबलं… पण डोळ्यांनी चहाडी केलीच.

सरकारी पेटी काही मिळेना. मग सम्मेदनं खारी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला चीर पाडली आणि स्वतःच शाळेत आणून दिली. त्यानंतर तो अधूनमधून यायचा. कधी उमेदवारांना चिन्हं कशी वाटायची हे सांगायला, कधी उगाच. पोरं खिडकीतून ओरडायची, "बाई, ग्रामसेवक आलं." आणि बाईंचा खडू फळ्यावर नेमका तेव्हाच मोडायचा.

पण घरी वेगळंच शिजत होतं. आबांनी, तिच्या वडिलांनी, नात्यातलं एक स्थळ बघून ठेवलं होतं. रविवारी सुपारी फोडायची. पोरगा बरा होता, शेती होती. अनुजाला मात्र कुणी विचारलं नव्हतं. आणि तीही गप्प होती. त्या घरात लेकीचं गप्प राहणं म्हणजेच होकार.

मतदानाचा दिवस उजाडला. उमेदवार दोघंच, पिराजी आणि पूर्णिमा. सम्मेद टेबलाशी बसून काडीनं एकेकाच्या बोटाला शाई लावत होता. शेवटचं पोर गेलं, तसं त्यानं अनुजाकडं पाहिलं. "हात पुढं करा."

"माझं नाव यादीत कुठाय?"

"नसू दे."

तिनं हात पुढं केला. काडी थंडगार लागली… बोट मात्र त्यानं जरा जास्तच वेळ धरलं.

"मत न्हाय, मग शाई कशाला लावली?"

"एकदा लावली, की दुसरीकडं मत देता येत न्हाय," तो खाली बघून म्हणाला.

तिनं हात मागं घेतला. रविवार परवावर आला होता.

मतं मोजली. पूर्णिमा एका मतानं पडली. पोरगी रडली नाही, उलट समाधानानं म्हणाली, "बाई, मी माझं मत पिराजीला दिलं. आई म्हणती, आपल्या ताटात आपणच वाढून घेऊ न्हाय."

अनुजा तिच्यापाशी उकिडवी बसली. "बाळा, उमेदवारालाबी मत असतंय. ते स्वतःला दिलं म्हणून कुणी हावरं होत न्हाय. मला हे पाहिजे, हे मी निभावीन, असं उघड सांगणं हाय ते. तेवढं आपणच न्हाय सांगितलं, तर दुसरं कोण…"

बोलता बोलता ती स्वतःच थबकली. कीर्तनात असं होतं बघा. बुवा समोरच्यांना सांगत असतात, आणि बोल उतरतो त्यांच्याच काळजात.

सम्मेद डबा काखोटीला मारून निघाला होता. भुरभुर पाऊस. अनुजा व्हरांड्यातून उतरून सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"रविवारी माझी सुपारी हाय."

त्याचा चेहरा उतरला. "बरं… अभिनंदन मग."

"अभिनंदन कसलं? मला कुणी विचारलं न्हाय. आज घरी जाऊन सांगणार हाय, की मला तिथं जायचं न्हाय. आणि कुठं जायचंय, तेबी सांगणार हाय." ती थांबली. "फक्त… तुमी उभं हाईसा का न्हाय, ते कळू दे."

सम्मेदनं काखोटीचा डबा दोन्ही हातांत घेतला. मग हळूच म्हणाला, "बादली दिलीसा, तवाच अर्ज भरलाय मी."

"मग माघार घेऊ नका."

"न्हाय घेत."

संध्याकाळी अनुजा आबांसमोर उभी राहिली.

"आबा, रविवारच्या पावण्यांना फोन करा. मला ते लगीन करायचं न्हाय. मला सम्मेद चौगुले पसंत हाय."

आबांनी मान वर केली. "जैनाचा?"

"व्हय."

"लोकं काय म्हणतील?"

"लोकांचं लोक बघतील. माझं मी सांगितलं."

आबा उठून दारात गेले. आई चूल सोडून भिंतीला टेकली होती. आबा पाठमोरेच आईला म्हणाले, "पावण्यांचं मी बघतो. रविवारी त्या पोराला बोलव म्हणावं… बघू तरी. आणि त्या दिवशी स्वयंपाक लवकर आटप. दिवस बुडाल्यावर ती माणसं जेवत न्हाईत."

अनुजानं आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि मग कुठं तिला रडू आलं.

आता उठा, घरं गाठा. फक्त एक मागणं आहे. रात्री देवापुढं हात जोडाल, तेव्हा त्या पूर्णिमाची आठवण ठेवा. एका मतानं पडलेली पोरगी ती… पुढच्या खेपेला स्वतःचं मत स्वतःला द्यायचं बळ तिला मिळू दे, एवढं देवाला सांगा.