हवा मोजायला निघालेली रेणू

जालन्याच्या त्या यंत्रांच्या दुकानात रेणूने हवेतले आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, मोजायचं यंत्र टेबलावरून उचललं मात्र... आकडा सहाशेवरून थेट नऊ हजारांवर!

"बाप रे!" ती दचकलीच.

"चप्पल काढा, मॅडम," काउंटरमागचा तरुण हसू दाबत म्हणाला. "अन् एक हात त्या लोखंडी नळाला लावा."

"त्याचा काय संबंध?"

"नायलॉनची साडी, प्लास्टिकची चप्पल, वरून ही कोरडी थंडी. अंगावर वीज साठली की हे हवेतले आयन मोजत न्हाई... तुम्हालाच मोजतं."

तिने नळाला बोट लावलं. चट्कन चटका बसला आणि आकडा गुमान खाली आला. गालांवरची लाली मात्र काही केल्या उतरेना.

रेणू तीर्थपुरीच्या कॉलेजात विज्ञान शिकवायची. गोदाकाठची हवा आणि बसस्टँडची हवा यांतला फरक पोरांना आयन मोजून दाखवायचा, हा तिचा हट्ट. यंत्र चुकलं तर वर्षभराची मेहनत पाण्यात. कॉलेजने पैसे दिले होते जेमतेम, म्हणून तिने सगळ्यात स्वस्त, डबीएवढ्या यंत्रावर बोट ठेवलं.

"ते नका घेऊ."

"तुमच्याच दुकानातलं ना?"

"हां. पण ते दगड-मातीतून निघणारे आयन मोजतं. हवा ओढायला पंखाच न्हाई त्याला." त्याने आतून एक जुनं, स्वतः दुरुस्त केलेलं यंत्र आणलं. "ह्याला पंखा आहे. बराबर चालतं, खर्च बी झेपंल."

रेणू थक्क! आपलाच माल नको म्हणणारा दुकानदार तिने जन्मात पाहिला नव्हता.

तिने बिलासाठी नाव सांगितलं आणि त्याचं पेन थबकलं. "रेणू संपत खरात... तीर्थपुरीच्या?" पुढे काही न बोलता त्याने सही करून बिल सरकवलं. तिने सही वाचली. भारत साळवे.

तिच्या पायांखालची जमीनच सरकली. जाफराबादचे साळवे, जालन्यात दुकान असलेले! परवाच या स्थळाला तिने फोटोसुद्धा न उघडता नकार कळवला होता. कारण काय, तर दुकानदार माणूस, दिवसभर खोटं बोलत असणार.

"ओळखलंत ना मला? मंग बोलला का न्हाईत?" तिने विचारलं.

"तुम्ही यंत्र घ्यायला आल्ता, मॅडम," तो हळूच म्हणाला. "स्थळ बघायला न्हाई."

तिला स्वतःचीच लाज वाटली. आणि त्याहून जास्त भीती... आता गप्प बसले तर हा माणूस कायमचा हातचा जाईल. तिने तिथल्या तिथे फोन लावला.

"पप्पा, जाफराबादच्या पाहुण्यांना रविवारी बोलवा."

"अगं, तूच नको म्हणलीस! मी कळवलं बी त्यांना!"

"चुकले मी. न बघता बोलले... आता बघितलंय."

"कुठं बघितलंस?"

"समोरच उभे आहेत."

पलीकडे पप्पा "काय?" म्हणून ओरडले. अलीकडे भारत यंत्राचं खोकं उलटं बांधत होता.

"रविवारी..." तो कसाबसा म्हणाला, "रविवारी दुकान चालू असतं."

रेणूने पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत थेट बघितलं.

"मंग बंद ठेवा."