गुरुवारी तापलेले खेकडे

"मॅडम, लगेच या! माझ्याच माणसानं विष घातलंय," शरच्चंद्रकाका फोनवर ओरडत होते.

वाघोलीतल्या त्यांच्या खेकडापालनाच्या शेडमध्ये पाऊल टाकताच उपनिरीक्षक श्रद्धा लोणकरनं नाकाला रुमाल लावला. मेलेल्या खेकड्यांच्या कवचांच्या फटींतून पिवळट पाणी गळत होतं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. शी! गुरुवारी समोरच्याच कॉलेजात तिला बारावीच्या परीक्षेचा बंदोबस्त होता. दिवसभर घरघरणाऱ्या पंख्याखालीही जीव नकोसा झाला होता, पण या वासापुढे ते सुखच म्हणायचं.

म्हातारे कामगार जब्बारभाई कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. त्यांच्या पिशवीत कीटकनाशकाची अर्धी बाटली निघाली होती. ती शोधली होती काकांच्या पुतण्यानं, आमोदनं.

"आपण आत बसू या का? एसी आहे," आमोद म्हणाला.

खोलीच्या दाराशी एकाच बोर्डावर दोन पिना होत्या, एक एसीची आणि एक पाणी गार ठेवणाऱ्या यंत्राची. वर काकांच्या अक्षरात पाटी होती: 'दोन्ही एकदम लावू नये. फ्यूज फुकट मिळत नाही.'

श्रद्धा बाहेरच थांबली.

"जब्बारभाई, खेकडे कधी मेले?"

"काल, रविवारी. पण शुक्रवारपासूनच मलूल होते. गुरुवारी दुपारी मी दर्ग्याला गेलो होतो. परत येऊन टाकीत हात घातला, तर पाणी अंघोळीला काढल्यासारखं! छोट्या मालकांना तेव्हाच सांगितलं."

"आमोद, यंत्र बंद होतं?"

"अहो मॅडम, गुरुवार होता. दर गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट बंद ठेवतातच की."

श्रद्धा काकांकडे वळली.

"काका, विष कुणी घातलंच नाही. कीटकनाशकानं मेलेल्या खेकड्यांत अळ्या अशा वळवळल्या असत्या का? पाणी तापलं की खेकड्यांची रोगाशी लढायची ताकद जाते. मग एरवी पाण्यात असतात तेच जंतू त्यांना आतून पोखरतात. म्हणून ते तापले गुरुवारी आणि मेले रविवारी."

"पण लाइट..." काका पुटपुटले.

"गेलीच नव्हती. परीक्षेमुळे त्या गुरुवारी लाइट बंद ठेवली नाही. मी समोरच पंख्याखाली उभी होते. जब्बारभाई दर्ग्याला गेले, यानं यंत्राची पिन काढून एसीची लावली आणि ताणून दिली. खेकडे मेल्यावर बाटली पिशवीत सरकवली."

आमोदचा चेहरा उतरला. "डोळा लागला हो जरा. खेकडेच तर होते!"

"आणि जब्बारभाई?"

त्यानं खांदे उडवले. श्रद्धाला त्या अळ्यांपेक्षा त्याची जास्त किळस आली. तिनं एसीची पिन उपटली.

"चला. चौकीत एसी नाही. गुरुवारी तर पंखाही नसतो."