ओरिजिनल काळा

रविवारी सकाळी निलांबरी फाटकातून आत आली तेव्हा आबा गाडीला खायला घालत होते.

गाडी पोर्चमध्ये चार स्टँडवर उचलून ठेवली होती. पुढच्या डाव्या चाकाच्या जागी आबा पाट टाकून बसले होते. ज्या निपलला पूर्वी ग्रीसगन लावत, त्याला त्यांनी सिरिंज जोडली होती आणि फिकट गुलाबी द्रव सावकाश आत सोडत होते.

"थांब, एवढं संपू दे," ते मान न वळवता म्हणाले. "घाई केली की बाहेर टाकतो."

वास तिला फाटकापाशीच आला होता. गोडसर, शिळ्या मांसाचा. प्रयोगशाळेतली शीतपेटी बंद पडली की दुसऱ्या दिवशी दार उघडताना येतो तसा. पायरीवर विलास मेस्त्री नाकाला रुमाल लावून बसला होता. या गाडीचं काम तो तरुणपणापासून करत आला होता. आता मात्र हातात रबरी मोजे चढवल्याशिवाय तिच्याजवळ जात नव्हता.

"ताई, ही गाडी हाय का बकरं, तेच कळंना झालंय," तो म्हणाला. "बकरं असतं तर एव्हाना रस्सा तरी झाला असता."

"तूच डिझेल मारलंस," आबा म्हणाले.

"आवो, खालनं डिझेलचा फवारा मारायचा म्हंजे गाडीला आंघोळ घातल्यागत. सगळ्याच गाड्यास्नी मारतोय. आजवर एक गाडी सुजली न्हाई."

ही सुजली होती. म्हणूनच आबांनी मुलीला मिरजेहून बोलावून घेतलं होतं. निलांबरी तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात ऊतकशास्त्र शिकवत असे. पुढच्या रविवारी जुन्या गाड्यांचा मेळावा होता, आणि त्याच्या आत डावा बुश बरा व्हायला हवा होता.

चाकाचा आर्म आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये बसून धक्के पिणारी जाड बांगडी म्हणजे बुश. एकोणऐंशी सालची ही डिझेल मर्सिडीज आबांनी एका वकिलातीच्या लिलावात घेतली, तेव्हा तो रबराचा होता. लोखंडाचं आबांना कधीच भय वाटलं नाही. कोल्हापुरात, उद्यमनगरात त्यांची स्वतःची फाउंड्री होती. हवा तो भाग ओतून, घासून मिळे. नडलं ते रबर. रबर न वापरताही म्हातारं होतं. जर्मनीतल्या गोदामांतून शोधून मागवलेले बुश पुडक्यातच तडकलेले निघत, आणि मोजक्या गाड्यांसाठी नवा साचा करायला कुणी तयार नसे.

मग कास्थिका नावाची कंपनी आली. गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये असणारी कूर्चा जन्मभर हेच काम करते, हे तिच्या संशोधकांनी हेरलं होतं. लोखंडी नळीभोवती कूर्चेच्या पेशी वाढवायच्या, गाडीत बसवायच्या आणि सकाळ-संध्याकाळ पोषणद्रव द्यायचा. खाणं मिळतं तोवर असा बुश आपली झीज आपणच भरून काढतो. पेशी कुठून येतात ते कंपनी मोघम सांगे. लोक समजत, बकऱ्याच्या असतील.

अडचण एकच होती. कूर्चा मोत्यासारखी पांढरी असते. मेळाव्यातले परीक्षक खाली वाकून बॅटरी मारत आणि पांढरा बुश दिसला की गुण कापत. दोन वर्षांपूर्वी कास्थिकाने काळा बुश काढला. रबराइतका काळा आणि पांढऱ्यापेक्षा टणक. तो पहिल्यांदा मिळालेल्यांत आबा होते. रंग घालतात, असं त्यांनी निलांबरीला सांगितलं होतं.

तिने मोजे चढवले आणि पाटावर बसली. डावा बुश पिकलेल्या पेरूसारखा फुगला होता. डिझेलने पृष्ठभाग भाजला होता आणि भेगेतून पू येत होता. तिने पात्याने मेलेला भाग कापला, पू निपटून काढला. आतून स्वच्छ, पिवळसर पाणी आलं. ते तिने तपासायला बशीत धरलं.

"खालचं जिवंत आहे," ती म्हणाली. "भरून येईल."

"बघ, म्हटलं नव्हतं," आबा विलासला म्हणाले. "ओरिजिनल जर्मन गाडी अशी मरत नसते."

आबांनी स्वतः चहा करून आणला. विलासने कप लांब नेऊन, पाठ फिरवून प्यायला. निलांबरीचा चहा तसाच राहिला, कारण तिचं लक्ष बशीकडे गेलं होतं.

पाण्याच्या कडेला तपकिरी रेघ उमटली होती. रंग घातलेला असता, तर पाणी आधीपासूनच काळं निघालं असतं. हे हवा लागल्यावर काळं पडत होतं.

ती स्वयंपाकघरात गेली. खायच्या सोड्याचा डबा अजून आईने ठेवलेल्या जागीच होता. परत येऊन तिने बशीत चिमूटभर सोडा टाकला.

"भजी करतीस का काय?" आबा हसून म्हणाले.

बशीतलं पाणी तपकिरी झालं आणि मग, तिघांच्या देखत, शाईसारखं काळं.

निलांबरीला ही परीक्षा ठाऊक होती, कारण याच घरात तिने ती पहिल्यांदा केली होती. आईचे पांढरे ब्लाउज काखेत काळे पडत. आई आपले कपडे वेगळे भिजवी, कुणी बघायच्या आत धुऊन मागच्या दोरीवर वाळत घाली. तिचे कान उन्हात निळसर दिसत. वैद्यकीयला गेल्यावर मुलीने तिच्या लघवीत सोडा टाकून पाहिला आणि निदान केलं: अल्काप्टोन्यूरिया. लाखांत एखाद्याला होणारा आजार. एक विकर, म्हणजे एन्झाइम, शरीरात तयार होत नाही, त्यामुळे एक आम्ल साठत जातं. ते लघवीतून, घामातून बाहेर येतं, कूर्चेत मुरतं, आणि हवा किंवा सोड्यासारखा क्षार मिळाला की काळं पडतं. त्या आम्लाने कूर्चा टणक होते आणि वयाबरोबर काचेसारखी तडकते. आईच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली तेव्हा सर्जन म्हणाले होते, आत सगळं दौतीत बुडवून काढल्यासारखं होतं. पुढे हृदयाच्या झडपाही तशाच झाल्या आणि आई गेली.

"आबा," ती म्हणाली, "आईच्या गुडघ्यांतून जे काढलं, त्याचं तुम्ही काय केलंत?"

आबा फडक्याने सिरिंजचं टोक पुसत राहिले.

"कचऱ्याच्या पिशवीत जाणार होतं ते. मी जाऊ दिलं नाही, एवढंच."

"कंपनीला दिलंत."

"त्यांचा माणूस दवाखान्यात बसून असायचा. काळा रंग बघून वेडाच झाला. म्हणाला, ही गाडी असेपर्यंत बुश आमच्याकडून फुकट. निलू, जगात मिळत नव्हते गं. तीन देशांत शोधले होते मी."

"तिला विचारलंत?"

"विचारायला ती शुद्धीवर कुठं होती? सही मी केली. नवऱ्याची चालते."

"आणि शुद्धीवर आल्यावर?"

"मग काय सांगायचं? बसली असती रडत."

विलास कप खाली ठेवून उठला. नळाशी जाऊन त्याने मोजे काढले, कोपरापर्यंत साबण लावला, धुतला, पुन्हा लावला.

"फक्त आपल्याच गाडीत आहे का?" निलांबरीने विचारलं.

"छे. शंभरावर असतील आता. काळ्याला मागणी आहे. दोन तर थेट जर्मनीला गेले." आबांच्या चेहऱ्यावर हसू आलं. तिलाही हसू येईल अशी त्यांची अपेक्षा होती. "तुझी आई कधी मुंबईच्या पुढं गेली नव्हती."

पू, सडलेलं मांस, कापलेली प्रेतं यांत निलांबरीची इतकी वर्षं गेली होती. आता मात्र तिला त्या बशीजवळ थांबवेना. तिने गाडीच्या खिडकीला हात टेकला आणि आतली आसनं तिच्या नजरेस पडली. सायीच्या रंगाची, निष्कलंक.

गाडी बाहेर काढताना आबा नेहमी विचारत, "टॉवेल घेतलास का?" रागाने कधीच नाही. किल्ली घेतली का, दार लावलं का, तसं. आई आसनावर टॉवेल पसरून बसे आणि पाठ टेकत नसे. एकदा नरसोबाच्या वाडीहून येताना तिला डुलकी लागली आणि डोकं मागे गेलं, तर घरी आल्यावर आबांनी शाम्पूचं पाणी करून ती जागा किती तरी वेळ घासली होती, नाक मुरडून. आई दारात उभी राहून बघत होती. तिच्या घामाचा डाग त्यांना गाडीत चालत नव्हता. आता तोच काळेपणा परीक्षकांनी बॅटरी मारून बघावा म्हणून ते पोसत होते.

"मी रोज दोन वेळा खाऊ घालतो," आबा हळू म्हणाले. "एक वेळ चुकवलेली नाही. तिच्या दुखण्यात एवढं केलं नसेल, ते आता करतोय. त्याचं तुला काहीच नाही?"

"नव्हतंच केलंत."

आबांनी मान खाली घातली. म्हणाले, "मेळावा तेवढा होऊ दे. मग तू म्हणशील तसं."

आपण काय कापलं आणि काय वाचवलं, ते निलांबरीच्या आता नीट ध्यानात आलं. तिने विलासकडे पाहिलं.

"विलास, पुढच्या चाकांचे सगळे काळे बुश काढा."

"गाडी उभी राहायची नाही," आबा म्हणाले.

"उभी आहे की. स्टँडवर."

विलास हात पुसत आला. "ताई, वहिनीसाहेबांच्या हातची भाकरी खाल्लीया मी. मला न्हाई जमायचं."

"मग पाने द्या. मी काढते."

तो घोटाळला. मग पान्यांची पेटी ओढून पाटावर बसला. तिने रबरी मोजे पुढे केले तर त्याने मान हलवली.

"मोजं नगं," तो म्हणाला.

पुलर लावून त्याने एकेक बुश उघड्या हातांनी सोडवला, आणि प्रत्येक बुश ओंजळीतून आणून तिने धरलेल्या स्टीलच्या डब्यात ठेवला. डब्यात तिने मिठाचं पाणी केलं होतं. आबा थांबवायला उठले नाहीत. शेवटचा निघाल्यावर ते पायरीचा आधार घेत आले आणि पोषणद्रवाची बाटली नि सिरिंज डब्याशेजारी ठेवली.

"संध्याकाळचं दिवेलागणीला असतं," ते म्हणाले. "चुकलं तर सकाळपर्यंत मरतात." आणि आत गेले.

निलांबरीने गाडीचं दार उघडलं. आसनाखाली टॉवेल अजून होता, घडी घातलेला. तिने तो डब्याभोवती गुंडाळला आणि डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसली. आईची रक्षा पंचगंगेत सोडली, तेव्हा सगळं संपलं असं तिने धरलं होतं. मिरजेला नेऊन उबवणयंत्रात ठेवले, तर हे बुश ती स्वतः असेपर्यंत जगतील. कशासाठी, ते तिला सांगता येत नव्हतं. खाणं दिलं नाही तर मरतील, आणि तरी आईच्याच पेशी कास्थिकाच्या टाक्यांमध्ये वाढत राहतील, अनोळखी माणसं आपापल्या पोर्चमध्ये सकाळ-संध्याकाळ त्यांना भरवत राहतील. विचारण्यासारखं एकच माणूस होतं, आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं.

विलासने पाने पुसून पेटीत ठेवले. ऊन जाईपर्यंत तो तिथेच बसून होता. मग त्याने बाटली उचलून उजेडात धरली.

"ताई," तो म्हणाला, "दिवं लागायची वेळ झाली. घालायचं का न्हाई?"