धुतल्यावर मोठा झालेला हिरा

"धुतल्यानं हिरा मोठा होतो का गं?" शॅरनने विचारलं.

इन्शाने हातातली करंजी ताटात ठेवली. "स्वेटर होतो. हिऱ्याचं कधी ऐकलं नाही."

दिवाळीच्या सुट्टीत दोघी त्यांचा वर्गमित्र ज्ञानेश्वर याच्या आत्याकडे, शनिशिंगणापूरला आल्या होत्या. सुरेखाआत्याकडे हिऱ्याची एकच अंगठी होती. उद्या ती नगरच्या सराफाला विकून शिलाई मशीन घ्यायची आणि स्वतःचं दुकान टाकायचं, असं तिनं ठरवलं होतं. सराफानं अंगठी आधीच बघून भावही ठरवला होता. काल गावातले सोनार आबासाहेब 'जरा धुऊन देतो' म्हणून ती घेऊन गेले आणि आज सकाळी परत देऊन गेले. मोठी माणसं खूश. "कसा टपोरा दिसतोय," असं ज्यानं त्यानं म्हटलं.

शॅरनला मात्र चैन पडेना. हिरा टपोरा होता खरा, पण मधोमध रिकाम्या काचेसारखा दिसत होता.

"आमच्या गावात घरांना दारं नाहीत," ज्ञानेश्वर चिडला. "इथं चोरी करायची कुणाची छाती नाही."

"म्हणूनच कुणी नीट बघत नाही," इन्शा म्हणाली.

परवा करंज्या करताना काढलेला आत्याच्या हाताचा फोटो शॅरनच्या मोबाईलमध्ये होता. तिघांनी तो मोठा करून पाहिला. फोटोत हिरा कोंदणात नीट बसलेला होता. आता तो कडेबाहेर आला होता आणि त्याला धरणारे सोन्याचे काटे नव्यानं वाकवलेले दिसत होते. अंगठी बाजूनं धरली, तर हिऱ्याचं पोट बशीसारखं उथळ. शॅरनने ती पालथी करून वर्तमानपत्रावर ठेवली. हिऱ्यातून खालची अक्षरं चक्क वाचता आली.

"पैलू नीट असले की आत गेलेला उजेड उलटून आपल्या डोळ्यांकडे येतो," इन्शा म्हणाली. "इथं तो खालून गळून जातोय."

ज्ञानेश्वर उठला. तो आत्याला घेऊन आला आणि सगळे आबासाहेबांच्या दुकानात गेले.

आबासाहेबांनी अंगठी तराजूत ठेवली. "आधी हुतं तेवढंच वजन." मग तपासायच्या यंत्राचं टोक हिऱ्याला लावलं. यंत्र वाजलं. "खरा हिराच हाय. पोरींनो, लई शानपना करू नका."

आत्या ओशाळली. "माफी मागा त्यांची."

"वजन तेवढंच आणि तोंड मोठं," इन्शा म्हणाली. "मग पोट सपाट झालं ना, काका?"

"मला नगं शिकवू."

"शनिदेवाच्या चौथऱ्यासमोर चला," ज्ञानेश्वर म्हणाला. "चोरी केली नाही म्हणा. आम्ही लगेच माफी मागतो."

आबासाहेबांनी झटक्यात चपला घातल्या. "चला की. चोरी म्या केलीच न्हाई."

एवढी घाई बघून शॅरनचा संशय उलट वाढला. "चोरीचं राहू द्या, काका. हिरा बदलला नाही, एवढंच म्हणा."

आबासाहेब पुन्हा गादीवर बसले.

"हिऱ्याला हिरा दिलाय," ते पुटपुटले. "वजनाला वजन. ह्याला चोरी म्हनत न्हाईत."

"दोन्ही सारखेच हुते, तर बदलला कशाला?" आत्यानं विचारलं.

आबासाहेबांनी मुकाट्यानं कपाटातून तिचा हिरा काढला. उन्हात दोन्ही शेजारी ठेवले, तेव्हा तो आकारानं लहान दिसला, पण त्याच्या उजेडाचे ठिपके समोरच्या भिंतीवर नाचले. दुसरा आपला पाण्याच्या थेंबासारखा पडून राहिला. सगळ्यांच्या देखत आबासाहेबांना हिरा पुन्हा बसवून द्यावा लागला.

घरी आल्यावर आत्यानं तिघांना जवळ घेतलं. "उद्या तो फिका, कमी मोलाचा हिरा घेऊन गेले असते, तर सराफानं मलाच लबाड म्हटलं असतं. आनि मी येडी, तुमालाच माफी मागायला लावत हुते. लई हुशार हाय तुमी."

मग तिनं अंगठी काढली. "उद्या जायचीच हाय ती. आज घाला आळीपाळीनं."

तिघांनी घातली. ज्ञानेश्वरच्या बोटातून काढायला साबण लावावा लागला. शेवटी आत्यानं ती स्वतः घातली आणि उन्हात हात फिरवत राहिली.

"इतकी वर्सं बोटात हुती," ती म्हणाली, "पन मी हिच्याकडं कवा नीट बघितलंच न्हाई."