झिपरूबाबांची दहा मिनिटं

हर्षल खैरनारला त्या दिवशी पेठ गावाच्या पुढच्या एका मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, फायरवॉल बसवायची होती, आणि तीही नाशकात सातपूरच्या ऑफिसात बसल्या जागेवरून. काम तसं अर्ध्या तासाचं. साल दोन हजार सहा, श्रावणातला गुरुवार, दुपारचे तीन. पहिली शिफ्ट नुकतीच सुटली होती आणि खाली रस्त्यावर मोटारसायकलींची झुंबड उडाली होती. अशा वेळी भुताखेतांचा विचार कोणाच्या मनात येतो?

मशीन होतं डोंगरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात. दहा खाटांचा वॉर्ड आणि त्याला लागून मशीनची खोली. वॉर्डातल्या फ्रिजमध्ये साप चावल्यावर द्यायचं औषध आणि पोरांच्या लशी असत. मशीन दर पंधरा मिनिटांनी फ्रिजचं तापमान छपरावरच्या डिशमधून नाशिकच्या डॉक्टरांना कळवायचं. भारनियमन बारा-बारा तासांचं, इन्व्हर्टर कधी मान टाकेल याचा नेम नाही, तेव्हा सगळी भिस्त त्या निरोपावर. पावसाळा म्हणजे तिकडे सापांचे दिवस. औषध नासलं आणि कोणाला कळलंच नाही, तर चांगला धडधाकट माणूस हातचा जायचा.

गेला महिनाभर इंटरनेटवरून कुठले कुठले उपटसुंभ त्या मशीनचं दार ठोठावत होते, रात्रंदिवस पासवर्ड लावून बघत होते. म्हणून ही फायरवॉल. म्हणजे दारावरचा वॉचमनच की! यादीत असेल त्याला आत सोडायचं, बाकीच्यांना वाटेला लावायचं. यात एक गोम असते. लांबून काम करताना यादीत आधी स्वतःला घातलं नाही, तर वॉचमन पहिला धक्का आपल्यालाच मारतो. नियम पक्के साठवलेले नसतील तर मशीन बंद करून चालू केलं की ते पुसले जातात आणि दार उघडतं. पण बंद-चालू करायला तिथे कोणीतरी हवं ना!

या धंद्यातली शहाणी माणसं मशीनलाच आधी बजावून ठेवतात, दहा मिनिटांनी आपोआप नियम पूस म्हणून. हर्षलला ती सवय लागली नव्हती, कारण त्याच्याकडे झिपरूबाबा होते.

झिपरू भोये हे दवाखान्याचे वॉचमन. साठीचे, वाळकेसे, कानाला जरा जड, पावसाळाभर अंगावर घोंगडी. मशीनच्या खोलीत खिडकीत एक फोन होता, त्याचा नंबर वेगळा. काम सुरू करण्याआधी हर्षल त्यावर फोन करायचा. "बसा बाबा. दहा मिनिटांत माझा फोन आला नाही की मशीन बंद-चालू करायचं लाल बटण दाबायचं. आणि मी सांगेपर्यंत उठायचं नाही."

"नाय उठत, सायेब," बाबा म्हणायचे.

काम झालं की हर्षल पुन्हा फोन करायचा. बाबांचा प्रश्न ठरलेला असे. "जाऊ ना मंग, सायेब?" हर्षल "जा बाबा" म्हणायचा, मगच म्हातारा खुर्ची सोडायचा. ऑफिसचा मालक अमित यावरून टिंगल करायचा. "अख्ख्या नाशकात चालताबोलता रिमोट तुझ्याकडेच!"

आषाढात झिपरूबाबा साप चावून गेले. एवढंच हर्षलला कळलं. त्याला वाईट वाटलं, जायचंही मनात होतं, पण घाटात दरड कोसळली होती आणि मग ते राहूनच गेलं.

तर तीन वाजता हर्षल मशीनमध्ये शिरला. खुर्ची पुढे ओढता ओढता नेहमीच्या सवयीने तो पुटपुटला, "बसा बाबा, दहा मिनिटं." मग स्वतःशीच ओशाळला. आणि त्या ओशाळलेपणात जी चूक करू नये तीच करून बसला. 'सगळ्यांना बंद' हा नियम आधी दिला, 'मला आत सोड' हा नंतर द्यायचा म्हणून. एंटर दाबलं आणि पडदा जागच्या जागी थिजला. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

त्याने वॉर्डात फोन लावला. नर्स उज्वला गावितने उचलला, मागे कोणीतरी बाई कण्हत होती.

"सर, मी एकटी आहे, डिलिव्हरी चालू आहे. त्या खोलीला कुलूप आहे. किल्ली नाथाभाऊंकडे, ते पेठला गेलेत. आज येतील असं वाटत नाही."

नाथाभाऊ म्हणजे कंपाउंडर. म्हणजे उद्यापर्यंत फ्रिजचा निरोपही त्या बंद दाराआडच, आणि नर्सला फ्रिजकडे बघायला सवड नाही! हर्षल अमितला सांगायला उठला, तेवढ्यात पडद्यावर अक्षरं हलली. मशीन बंद होऊन पुन्हा चालू झालं होतं, दार सताड उघडं. तीन पंधरा.

"लाईट गेली-आली असेल," अमित म्हणाला. "नशीबवान आहेस. आता नीट कर."

हर्षलने या वेळी सगळं शहाण्यासारखं केलं. आधी स्वतःला यादीत घातलं, मग बाकीच्यांना बंद केलं. फायरवॉल झकास चालली. थोडं तपासून बघू आणि मग पक्कं साठवू, असं त्याने ठरवलं.

तीन पंचवीसला मशीन पुन्हा बंद पडलं, पुन्हा चालू झालं. तीन पस्तीसलाही तेच. तीन पंचेचाळीसलाही. फ्रिजचा निरोप मशीन चालू झाल्यावर पंधरा मिनिटांनी निघायचा आणि मशीन दर दहा मिनिटांनी मरत होतं. नाशिकच्या डॉक्टरांना तीन वाजल्यापासून एकही निरोप मिळाला नव्हता.

"यूपीएस गेलाय," अमित म्हणाला. पण बिघडलेला यूपीएस घड्याळ बघून बिघडत नाही, हे त्यालाही कळत असावं. तो मुकाट्याने चहा सांगायला गेला.

हर्षलने पुन्हा वॉर्डात फोन केला. "सिस्टर, लाईट ये-जा करतेय का?"

"नाही सर. सकाळपासून लाईट नाहीच, सगळं इन्व्हर्टरवर आहे. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत." मग तिचा आवाज खाली गेला. "सर... आत खुर्ची वाजतेय."

"कुठे आत?"

"मशीनच्या खोलीत. मला वाटलं उंदीर असतील. पण थोड्या थोड्या वेळाने वाजते... कोणी पुढे वाकून परत टेकावं तशी."

तीच पुढे म्हणाली, "बाबा तिथेच गेले ना, सर. तुम्हाला कोणी सांगितलं नाही? त्या दिवशी दुपारपासून बसले होते. मी दोनदा म्हटलं, बाबा, अंधार पडला, बाहेर या. तर म्हणे, सायबांचा फोन यायचा हाय. मण्यार होती खुर्चीखाली. ती चावलेली कळतसुद्धा नाही. आठ वाजता मी कंदील घेऊन गेले, तेव्हा मान कलंडली होती... औषध भिंतीपलीकडे होतं, सर."

हर्षलने फोन ठेवला. त्याने पडद्यावर मशीनची स्वतःची जुनी नोंदवही उघडली. आषाढातला तो दिवस त्याला आता लख्ख आठवला. डॉक्टरांचे मोबाइल नंबर बदलायचं फुटकळ काम होतं. पहिल्याच झटक्यात झालं आणि तो खाली वडापाव खायला गेला. परत फोन करायचा राहिला.

नोंदवहीत मशीन बंद-चालू झाल्याच्या वेळा होत्या. चार दहा. चार वीस. चार तीस. ओळीखाली ओळ, एकही दहा मिनिटं न चुकता. शेवटची नोंद सात चाळीसची.

त्याला रडू फुटलं. साडेतीन तास म्हातारा बटण दाबत बसला होता!

चार वाजून बावन्न मिनिटांनी त्याने मशीनच्या खोलीतला नंबर फिरवला. कुलूपबंद खोलीत घंटा वाजू लागली. एक... दोन... तीन... चौथ्या घंटेला कोणीतरी रिसीव्हर उचलला.

आवाज नव्हता. नुसता पत्र्यावरचा पाऊस. आणि कोंदट, ओल्या घोंगडीचा वास, जो फोनमधून येणं शक्य नाही, पण त्याला आला.

"झिपरूबाबा..." तो कसाबसा म्हणाला. "झालं काम. उठा आता."

पलीकडे कोणीतरी बोलण्याआधी श्वास घ्यावा तसं झालं. हर्षलने फोन दाणकन ठेवून दिला.

चार पंचावन्न झाले. मशीन चालू राहिलं. पाच वाजता डॉक्टरांना निरोप गेला, फ्रिज चार अंशांवर, औषध शाबूत. हर्षलने नियम पुन्हा देऊन पक्के साठवले. "बघ, झालं ना?" अमित म्हणाला. हर्षल हो म्हणाला आणि घरी गेला. जेवण काही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला तो ऑफिस उघडतोय तोच फोन वाजला. वॉर्डातून नाथाभाऊ बोलत होते.

"सायेब, आत्ता आलो. खोली उघडून बघितली. मशीन चांगलं चालू हाय. पण एक इचारायचं व्हतं. बाबा गेल्यावर खुर्ची म्या सोता टेबलावर उलटी ठेवली व्हती. किल्ली माझ्याच खिशात. ती खुर्ची खाली कोनी काढली?"

"मशीनसमोर आहे का?" हर्षलने विचारलं.

"नाय. मशीनकडं पाठ हाय तिची. खिडकीत, फोनाला चिकटून लावलीया. मला नाय बरं वाटलं. म्या कुलूप घालून टाकलं परत."

हर्षल रिकाम्या ऑफिसात उभा राहिला. काल आपण 'उठा' म्हणालो. 'जा' म्हणालोच नाही. म्हातारा विचारणार होता आणि आपण फोन आपटला.

त्याने खोलीतला नंबर फिरवला. या वेळी घंटा पुरती एकदाही वाजली नाही, तोच पलीकडे रिसीव्हर उचलला गेला.

"जा बाबा," हर्षल म्हणाला. "चुकलं माझं. तुम्ही जा."

तो पलीकडचा रिसीव्हर ठेवल्याचा आवाज ऐकायला थांबला. पाऊस ऐकू येत होता, पण रिसीव्हर काही कोणी ठेवला नाही. आणि या खेपेला आपण आधी फोन ठेवायची त्याची छाती होईना. दहा वाजता अमित ऑफिसात आला, तेव्हाही रिसीव्हर हर्षलच्या कानालाच होता.