दातामागची नखी

पोरीच्या पुढच्या दातामागे नखासारखं वाढलेलं दाताचंच टोक, ती नखी गेली, तर फायदा तिघांचाही होता. पोरीची जीभ घासागणिक सोलून निघाली नसती. आई गेल्यापासून तिला भरवता भरवता रडकुंडीला येणारी मावशी सुटली असती. आणि ते बघवत नाही म्हणून ताटावरून उठणारा बाप एकदा तरी पोटभर जेवला असता.

आज नखी गेली होती. तिच्या जागी टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं.

दातांच्या डॉक्टरीणबाई चरकल्या. त्या दर दीड महिन्याला नखी जराशीच घासत. आतली नस मागे सरायला तेवढा वेळ लागे. बाकीची घरी कोणी उडवली?

“नस उघडी पडलीय. आज-कालचं असेल तर झाकून दात वाचेल. कोणी केलं? कधी?”

पोरीने ओठ घट्ट मिटले.

“भावोजींना विचारा,” मावशी म्हणाली. “किल्ल्या बनवतात. दुकानभर कानशी पडल्यात.”

“मी पोरीच्या तोंडात लोखंड घालीन?” बापाचा आवाज चिरकला. “पोरीनेच केलं असेल. हिला कुठे दम निघतोय!”

डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ ओढला. शेजारच्या दातावर ओरखडा नाही. हिरडी शाबूत. घासलेली जागा गुळगुळीत.

“मावशी, तुम्ही काम काय करता?”

“पार्लरमध्ये नखं करते.”

“घासून झाल्यावर?”

“मऊ पट्टी फिरवते, चकाकी...” मावशी अडखळली.

“पोरीला दाताची मागची बाजू दिसतच नाही. तिने शेजारचा दातही खरवडला असता. किल्लीवाल्याच्या कानशीने चरे पडले असते. इथे घासून वर चकाकी आणलीय. हाताची सवय जात नाही, मावशी. आणि पोरीने तोंड उघडलं, कारण रोज ज्या हातून घास घेते तोच हात होता.”

मावशी रडायलाच लागली. “तुम्हीच म्हणालात ना, थोडं थोडं घासलं की काही होत नाही? मी रोज थोडंच घासलं हो! पोर दोन घास जास्त खायला लागली होती.”

मध्ये थांबायचं कशासाठी, हे डॉक्टरीणबाईंनी कधी सांगितलंच नव्हतं. त्यांनी पोरीचा हात धरला. “ठणकतो का गं?”

“खूप ठणकायचा,” पोर पहिल्यांदाच बोलली. “काल थांबला.”

“थांबला? बघा, बरा झाला!” मावशी रडता रडता हसली.

डॉक्टरीणबाईंनी दाताला बर्फासारखा गार कापूस लावला. पोरीची पापणीही हलली नाही. नस मेली होती; आता झाकून दात वाचणार नव्हता.

चुकल्या दोघी, एक सांगण्यात, एक ऐकण्यात. भरपाई आठ वर्षांच्या पोरीने केली, मूळही पुरतं न वाढलेला दात देऊन.